फेरिक ॲसिटिलॲसिटोनेट: कपलिंगसाठी घ्यावं का, आणि कोणत्या कपलिंगसाठी?

निकाल आधी. कपलिंग म्हणजे दोन रेणूंचे तुकडे उत्प्रेरकाने जोडणं. अल्किल ग्रिन्यार (कार्बन-साखळीचं मॅग्नेशियम संयुग) आणि इलेक्ट्रॉन-गरीब ॲरिल क्लोराइड (बेंझीनसारख्या वलयावर क्लोरीन) जोडायचं असेल, तर नेहमीच्या पॅलेडियम उत्प्रेरकांच्या कपाटाकडे जाण्याआधी फेरिक ॲसिटिलॲसिटोनेट ही लोहाची लाल भुकटी वापरून बघावी. काम पाच-दहा मिनिटांत होतं, लिगँड (धातूला धरून ठेवणारा रेणू) विकत घ्यावा लागत नाही आणि ग्लोव्ह बॉक्सही (हवाबंद पेटी) लागत नाही. दोन ॲरिल गट एकमेकांना जोडायचे असतील तर मात्र या बाटलीवर वेळ घालवू नये. पॅलेडियमचा स्वस्त पर्याय म्हणून तिची सरसकट जी भलामण होते, ती अर्धीच खरी आहे.

वस्तू म्हणून बघायचं तर हिच्यात खोट काढायला फारशी जागा नाही. गडद लाल, स्फटिकमय भुकटी, रेणुभार ३५३.१७, वजनाने १५.८ टक्के लोह, वितळणबिंदू १८० ते १८२ °से. हवेत बिनधास्त तोलता येते, ओल धरत नाही, चमच्याला गंज चढवत नाही. झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवली की वर्षानुवर्षं टिकते. डोळ्यांना आणि पोटात गेल्यास अपायकारक आहे, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. बारीक धूळ कागदावर, बाकावर लाल डाग पाडते ती कटकट वेगळी.

नव्या बाटलीची परीक्षा दोन मिनिटांत होते. चिमूटभर भुकटी कोरड्या टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात) हलवावी. द्रावण पारदर्शक, लाल-नारिंगी झालं तर ठीक. तळाशी तपकिरी गाळ राहिला तर त्यात लोहाचं हायड्रॉक्साइड किंवा ऑक्साइड आहे, आणि तोललेलं सगळं वजन उत्प्रेरक म्हणून कामाला येणार नाही. अशी बाटली फेकायची गरज नाही. गरम टोल्यूइनमध्ये विरघळवून, गाळून, हेक्सेन घालून स्फटिक पाडले आणि व्हॅक्यूममध्ये वाळवले की माल पुन्हा कामाचा होतो.

आता दर्जाचा प्रश्न. ९७ टक्के, ९९ टक्के आणि 'ट्रेस मेटल्स बेसिस'वर (फक्त धातूंची भेसळ मोजून) ९९.९ टक्के, असे प्रकार मिळतात. ग्रिन्यार कपलिंगसाठी ९७ टक्केवाला पुरतो, वरचे पैसे वाया जातात. पण लोहाच्या मिठाने कार्बन-नायट्रोजन किंवा कार्बन-ऑक्सिजन बंध घडवण्याचा दावा तपासायचा असेल, तर शुद्धता हाच मुख्य प्रश्न ठरतो. २००९ मध्ये बुकवाल्ड आणि बोल्म या रसायनशास्त्रज्ञांनी मिळून दाखवलं, की फेरिक क्लोराइडच्या नावावर जमा झालेल्या अशा काही अभिक्रिया प्रत्यक्षात त्यात मिसळलेल्या तांब्यामुळे चालत होत्या. तांबं होतं दशलक्षात काही भाग, एवढंच. म्हणून असं काम करताना तीन फ्लास्क शेजारी-शेजारी लावावेत: एकात लोहाचं साधं मीठ, दुसऱ्यात अतिशुद्ध मीठ, तिसऱ्यात अतिशुद्ध मिठात मुद्दाम घातलेलं पीपीएम (दशलक्षात भाग) पातळीचं तांबं. पहिला आणि तिसरा चालले आणि दुसरा अडला, तर श्रेय लोहाचं नाही. चुंबकी स्टिररही नवा घ्यावा. जुन्या स्टिररच्या टेफ्लॉनवरच्या ओरखड्यांत आधीच्या प्रयोगांतलं पॅलेडियम अडकून राहतं आणि साबणाच्या धुण्याने ते निघत नाही.

लोहाने ग्रिन्यार जोडता येतो हे तामुरा आणि कोची यांनी १९७१ मध्येच व्हिनिल हॅलाइडवर (दुहेरी बंधाच्या कार्बनवर क्लोरीन, ब्रोमीनसारखं हॅलोजन) दाखवलं होतं. एनएमपी (एन-मिथाइलपायरोलिडोन) हा सहद्रावक घातला की अशाच अल्केनिल हॅलाइडवर काम कितीतरी स्वच्छ होतं, हे काहिएझ यांनी १९९८ मध्ये दाखवलं. ॲरिल क्लोराइडवर हे मीठ रुळलं ते २००२ नंतर, म्युल्हाइमच्या माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेतल्या फ्यूर्स्टनर गटाच्या कामामुळे. पुढची कृती त्याच धाटणीची आहे, १० मिलिमोलसाठी मांडलेली.

तापवून वाळवलेल्या, आर्गॉनखालच्या २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १.७१ ग्रॅम मिथाइल ४-क्लोरोबेंझोएट आणि १७७ मिलिग्रॅम फेरिक ॲसिटिलॲसिटोनेट (५ मोल टक्के, म्हणजे क्लोराइडच्या शंभर रेणूंमागे पाच) घ्यावं. त्यावर ६० मिली कोरडं टीएचएफ आणि ५ मिली कोरडं एनएमपी. फ्लास्क बर्फात ठेवून हेक्सिलमॅग्नेशियम ब्रोमाइडचं २ मोलर ईथर-द्रावण ६ ते ६.५ मिली सिरिंजने दोनेक मिनिटांत सोडावं. पहिल्या थेंबांबरोबर लाल रंग तपकिरीकडे झुकतो आणि मग द्रावण गडद, जवळजवळ काळं होतं. पाच-दहा मिनिटांनी टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) बघावी. बहुतेक वेळा सुरुवातीचं क्लोराइड संपलेलं असतं आणि यील्ड (हाती आलेलं उत्पादन) नव्वद टक्क्यांच्या पुढे जातं. एस्टरला ग्रिन्यार शिवत नाही, कारण कपलिंग त्याच्या आधीच उरकतं. नायट्राइल आणि सल्फोनामाइडही याच कारणाने वाचतात. अभिक्रिया मंदावली की हे संरक्षण संपतं. म्हणून 'आणखी तासभर ढवळू' हा इथे उपाय नाही. दहा मिनिटांत झालं नाही तर कारण शोधावं, थांबून काही मिळत नाही.

कारण बहुतेक वेळा पाणी असतं, आणि ते टीएचएफपेक्षा एनएमपीतून येतं. हिशोब करून बघा. टीएचएफमध्ये २०० पीपीएम पाणी असलं तरी ६० मिलीत ते ०.६ मिलिमोल भरतं. पण उघडझाप झालेल्या एनएमपीच्या बाटलीत अर्धा टक्का पाणी सहज असतं, आणि ५ मिलीत ते १.४ मिलिमोल होतं. शिवाय फेरिक लोहाला सक्रिय, क्षपित रूपात आणायला आणि ॲसिटिलॲसिटोनेट गट बाजूला सारायला प्रत्येक लोहअणूमागे दोन-तीन ग्रिन्यार रेणू तरी खर्ची पडतात. म्हणजे ०.५ मिलिमोल लोहामागे साधारण १ ते १.५ मिलिमोल. ग्रिन्यार १.२ इक्विव्हॅलंट (क्लोराइडच्या १.२ पट मोल) घेतला तर हाताशी वरकड असतो २ मिलिमोल, आणि तो एवढ्यातच संपतो. एनएमपी ४ अँगस्ट्रॉम मॉलेक्युलर सीव्हवर ठेवावं, नाहीतर ग्रिन्यार १.३ इक्विव्हॅलंट घ्यावा.

ग्रिन्यारच्या बाटलीवर छापलेल्या मोलॅरिटीवर विसंबणं ही दुसरी नेहमीची चूक. वापरण्याआधी टायट्रेशन करावं: आयोडीन आणि लिथियम क्लोराइडच्या टीएचएफ द्रावणात, किंवा फेनँथ्रोलिन सूचक घालून मेंथॉलसमोर. १.६ मोलर निघालेल्या बाटलीतून २ मोलर समजून घेतलेले ६ मिली म्हणजे १० मिलिमोलपेक्षाही कमी. अशा प्रयोगात क्लोराइड शिल्लक राहतं आणि दोष उत्प्रेरकाला लागतो.

रंगावर नजर ठेवली तर निदान सोपं होतं. ग्रिन्यार घालूनही द्रावण लालच राहिलं तर ग्रिन्यार मेलेला आहे. गडद होऊन पुन्हा फिकट, लालसर झालं तर हवा आत शिरते आहे. सेप्टम (रबरी बूच) बदला. काळे कण सुटे होऊन स्टिररला चिकटले तर लोह गोळा होऊन बाहेर पडलं आहे आणि त्या फ्लास्कमध्ये आणखी ग्रिन्यार ओतण्यात अर्थ नाही. हे बहुधा एनएमपी विसरल्यावर किंवा द्रावण तापू दिल्यावर होतं. एनएमपी नुसतं द्रावक म्हणून तिथे नसतं. मिथाइल ग्रिन्यारबरोबरच्या यंत्रणेच्या अभ्यासात असं दिसलं, की ते मॅग्नेशियमला वेढून बसतं आणि लोहाचा सक्रिय, ऋणभारित मिथाइल आयन त्यामुळे टिकून राहतो.

सब्स्ट्रेट निवडताना पॅलेडियमच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. पॅलेडियमला आयोडाइड सर्वांत सोपं, मग ब्रोमाइड, मग क्लोराइड. इथे क्रम उलटा आहे. वरच्याच एस्टरचं क्लोराइड, ट्रायफ्लेट किंवा टोसिलेट (क्लोरीनच्या जागी सल्फोनेट गट) घेतलं तर रूपांतर जवळजवळ पूर्ण, आणि ब्रोमाइड किंवा आयोडाइड घेतलं तर यील्ड ४० टक्क्यांच्या खाली. उरलेल्याचं मुख्यतः हॅलोजन निघून साधं मिथाइल बेंझोएट होतं. महागडं आयोडाइड मुद्दाम बनवून आणणाऱ्याची इथे चांगलीच फजिती होते. स्वस्त क्लोराइड चालतं, ही या मिठाची खरी मिळकत आहे, आणि ती धातूच्या किमतीपेक्षा मोठी आहे.

वलय इलेक्ट्रॉन-श्रीमंत असेल, उदाहरणार्थ ४-क्लोरोॲनिसोल, तर क्लोराइड हलत नाही. तिथे फिनॉलपासून ट्रायफ्लेट करून यावं. २-क्लोरोपिरिडीन आणि तत्सम नायट्रोजनी वलयांवर काम छान होतं. नायट्रो गट असेल तर विचारच सोडा. ग्रिन्यारच्या बाजूने प्राथमिक अल्किल उत्तम. आयसोप्रोपिलसारख्या दुय्यम गटासाठी हे साधं मीठ भरवशाचं नाही, सॅलेन या लिगँडचं लोह-संयुग बरं पडतं. ॲरिल ग्रिन्यार घातलं की मुख्यतः त्याचीच जोडी जमते आणि कॉलमवर बायफिनाइलचा ढीग मिळतो. बायॲरिल (एकमेकांना जोडलेले दोन ॲरिल गट) हवंच असेल तर नाकामुरा गटाची २००७ ची पद्धत आहे, पण तिला लोहाचं फ्लोराइड आणि कार्बीन लिगँड लागतो. बोरॉनिक आम्लांची साधी सुझुकी जोडणी (पॅलेडियमची नेहमीची पद्धत) या मिठाने होत नाही, मग जाहिरातीत 'पॅलेडियमला पर्याय' कितीही ठळक छापलेलं असो.

अल्किल हॅलाइडला ॲरिल ग्रिन्यार जोडणं हे मात्र लोहाचं बलस्थान आहे, कारण पॅलेडियम तिथे बीटा-हायड्राइड निष्कासनात (शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन निघून दुहेरी बंध होण्यात) अडकतं. फरक एवढाच, की तिथे ग्रिन्यार एकदम ओतायचा नाही. टीएमईडीए हे डायॲमीन १.२ इक्विव्हॅलंट घेऊन ग्रिन्यार सिरिंज पंपाने हळूहळू सोडायचा. भसकन ओतला तर तो स्वतःशीच जुळून संपतो. या कामाच्या मूळ कृतीत फेरिक क्लोराइड आहे, आणि आमच्या मते तिथे तेच ठेवावं.

फेरिक क्लोराइडशी तुलना कायम होते म्हणून एवढं सांगायला हवं: वरच्या कपलिंगमध्ये दोघांची सक्रियता सारखीच. पण निर्जल फेरिक क्लोराइड तोलता-तोलता ओल पिऊन चिकट होतं, टीएचएफमध्ये घालताना चांगलंच तापतं आणि महिनाभर जुन्या बाटलीतून नक्की किती मोल घेतले याची खात्री नसते. ॲसिटिलॲसिटोनेट त्यापेक्षा महाग असलं तरी तोलण्यातली अचूकता पाहता ते परवडतं. फेरस ॲसिटिलॲसिटोनेट हवेत टिकत नाही, ते घेण्याचं कारण नाही.

अभिक्रिया सोपी, पण नंतरचं आवरणं किचकट. नवखे लोक सवयीने अमोनियम क्लोराइड ओततात. त्याने दोन गोष्टी होतात. लोहाच्या हायड्रॉक्साइडचा जेलीसारखा थर दोन द्रवांच्या मधे अडकतो, आणि हवेत लोह पुन्हा फेरिक होऊन सुट्या ॲसिटिलॲसिटोनशी जुळतं, म्हणजे तीच लाल भुकटी सेंद्रिय थरात परत येते. ती ईथरमध्ये विरघळते, सिलिकावर नारिंगी पट्टा होऊन उत्पादनाच्या मागोमाग चालते, आणि थोडी जरी उरली तरी अनुचुंबकी असल्याने एनएमआरच्या (रेणूची रचना ओळखणाऱ्या चुंबकी तंत्राच्या) रेषा फुगवते. ट्रिप्लेट ओळखू येत नाही आणि लोक शिमिंगला (यंत्राचं चुंबकी क्षेत्र जुळवण्याला) दोष देत बसतात.

म्हणून १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने थांबवावं, बर्फात, सावकाश. उरलेला ग्रिन्यार पाण्याशी जोरात भिडतो. हेक्सिलचं हेक्सेन होतं, पण मिथाइल किंवा इथाइल ग्रिन्यार असेल तर वायू सुटतो, तेव्हा सुईने वाट ठेवावी. पाण्याच्या थराचा पीएच १ च्या आसपास असेल तर लोह पाण्यातच राहतं. ईथरने काढून सेंद्रिय थर एकदा आम्लाने आणि मग पाण्याने तीन-चारदा धुवावा. ही पाण्याची धुणी एनएमपीसाठी. ते राहिलं तर रोटाव्हॅपवर (द्रावक उडवण्याच्या यंत्रावर) जात नाही, कारण उत्कलनबिंदू २०२ °से. आहे. सुटं ॲसिटिलॲसिटोन १४० °से.ला उकळतं, ते चांगल्या व्हॅक्यूममध्ये निघतं. शेवटी सिलिकाच्या दोन-तीन सेंटिमीटर थरातून गाळलं की रंग जातो.

उत्पादनात पिरिडीन असेल तर हा मार्ग धरू नये. आम्लाबरोबर उत्पादनच पाण्यात जाईल. तिथे लोहाला पकडणाऱ्या डायसोडियम ईडीटीएचं उदासीन केलेलं संपृक्त द्रावण घालून अर्धा तास जोरात ढवळावं. थर वेगळे व्हायला वेळ लागतो, पण लोह पाण्यात जातं. आम्लाने तुटणारे संरक्षक गट असतील तेव्हाही हेच.

प्रमाण वाढवताना लक्षात ठेवायचं ते हे, की पाच मिनिटांत संपणारी अभिक्रिया आपली सगळी उष्णता पाच मिनिटांत बाहेर टाकते. १० मिलिमोलला बर्फ पुरतो. १०० मिलिमोलला ग्रिन्यार १५ ते २० मिनिटांत थेंबथेंब सोडावा, तापमापी द्रावणात बुडलेला असावा आणि आतलं तापमान २० °से.च्या वर जाऊ देऊ नये. ईथर ३५ °से.ला उकळतं हे विसरून चालणार नाही.

आता 'शाश्वत' या शब्दाकडे. धातूपुरता दावा खरा आहे. पृथ्वीच्या कवचात लोह सुमारे ५ टक्के आणि पॅलेडियम अब्जात १५ भाग, म्हणजे तफावत तीस लाखपटीच्या आसपास. औषधांतल्या धातूंच्या अवशेषांवरच्या आयसीएच (औषध नियमनाची आंतरराष्ट्रीय परिषद) क्यू३डी मार्गदर्शिकेत तोंडी औषधासाठी पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आणि कोबाल्टची ५० आहे. लोहाची विषारिता कमी म्हणून तिथे मर्यादाच ठरवलेली नाही. (मुबलक म्हणजे निर्धोक, हे समीकरण पॅलेडियमहून मुबलक असलेल्या कोबाल्टजवळच मोडतं.)

पण वरच्याच प्रयोगाचं वजन मांडा. उत्पादन सुमारे २.२ ग्रॅम. लोह २८ मिलिग्रॅम. टीएचएफ ५३ ग्रॅम, एनएमपी ५ ग्रॅम, वर मॅग्नेशियमची मिठं आणि धुण्याचं पाणी. द्रावकच उत्पादनाच्या २५ पटींहून जास्त. त्यात एनएमपी प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत आहे आणि युरोपीय संघात मे २०२० पासून त्यावर निर्बंध आहेत. २८ मिलिग्रॅम धातू बदलला म्हणून ही सगळी प्रक्रिया हिरवी झाली असं म्हणणं ही धूळफेक आहे. खरी बचत द्रावकात आहे. ६० मिलीऐवजी ३० मिली टीएचएफमध्ये काम होतं का, हे आधी तपासावं. उष्णता मात्र तेव्हा जास्त सांभाळावी लागेल. एनएमपीच्या जागी डीएमपीयू किंवा डीएमआय ही चक्रीय युरिया संयुगं ॲरिल क्लोराइड आणि टोसिलेटवर चालतात. पाण्याने तीही धुतली जातात. एनएमपी पूर्ण वगळलं तर अल्केनिल हॅलाइडवर अधूनमधून निभतं, ॲरिल क्लोराइडवर यील्ड घसरतं.

या बाटलीचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे दोन अल्कीनची (दुहेरी बंध असलेल्या रेणूंची) जोडणी, अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या बॅरन गटाने २०१४ मध्ये रूढ केलेली. फेनिलसिलेन २.५ इक्विव्हॅलंट, इथेनॉल, ६० °से., तासभर. लोहाचं हायड्राइड साध्या अल्कीनला हायड्रोजन अणू देतं, तिथे तयार झालेला कार्बन-रॅडिकल इलेक्ट्रॉन-गरीब अल्कीनवर जाऊन बसतो. ग्रिन्यार नाही, एनएमपी नाही, द्रावक इथेनॉल. हिरवेपणाच्या कसोटीवर हे कपलिंगपेक्षा सरस आहे. फक्त लोह २० ते १०० मोल टक्के लागतं, म्हणजे याला 'उत्प्रेरक' म्हणताना थोडी जीभ चावावी लागते. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून फ्लास्क बंद करून तापवू नये. सिलेनपासून होणारे सिलोक्सेन टीएलसीवर वरच्या बाजूला पसरतात आणि अध्रुवीय उत्पादनातून काढताना घाम फोडतात. मुख्य कॉलमच्या आधी नुसत्या हेक्सेनने एक धुणं द्यावं.

किती घ्यावं ते यावरच ठरतं. कपलिंगला एका वेळी १७७ मिलिग्रॅम लागतं, तेव्हा २५ ग्रॅमच्या बाटलीत तसे १४० प्रयोग होतात आणि ९७ टक्केवाला माल पुरे. अल्कीन जोडणीत २ मिलिमोलच्या एका प्रयोगाला पूर्ण इक्विव्हॅलंटने ०.७ ग्रॅम जातं, म्हणून तिथे १०० ग्रॅमचा पॅक घ्यावा. दर्जा तोच चालतो.